एकही खाडा नाही

रोलर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता दाबणारे धूड उभे राहत असेल. मित्रांनो, मी तो नव्हे. मी सायकलचा रोलर आहे. एका लाकडी चौकटीत आडवे बसवलेले तीन लोखंडी नळे, एवढाच माझा देह. मागचे चाक दोन नळ्यांवर टेकते, पुढचे एकावर. वर बसून पायडल मारले की चाके फिरतात, चाकांखाली मी फिरतो आणि सायकल मात्र जागची हलत नाही. जिथे रस्ते पाच पाच महिने बर्फाखाली जातात, तिथे शर्यतीत उतरणाऱ्यांचे पाय हिवाळ्यात गंजू नयेत म्हणून मला बनवतात.

माझे नळे मुळात दूर उत्तरेतल्या सडबरी गावच्या निकेलच्या खाणीतले. खनिज वाहणाऱ्या रबरी पट्ट्याखाली ते वर्षानुवर्षे फिरले आणि झिजले म्हणून भंगारात निघाले. तिथून त्यांना उचलले वेईको साल्मेला याने. वेईको खाणीच्या कारखान्यात लेथवर काम करी. मोजके बोलणारा, हाताचा पक्का माणूस. त्याने नळे कातून आरशासारखे गुळगुळीत केले, मेपलच्या फळ्यांची चौकट जोडली आणि पुढच्या नळ्याला मधल्या नळ्याशी बांधणारा एक रबरी पट्टा चढवला. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा नोव्हेंबर होता. त्याने मला तळघरात ठेवले आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “हेल्मी, खाली ये. तुझा रस्ता तयार झालाय.”

हेल्मी त्याची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची, लांब पायांची, खळखळून हसणारी. पहिल्या दिवशी ती माझ्यावरून तीनदा घसरली. तिसऱ्या वेळी तर धुण्याच्या टोपलीत जाऊन पडली आणि डोक्यावर आईचा पेटीकोट घेऊन उठली. तिची आई सिल्वी जिन्यात उभी होती. ती म्हणाली, “रस्त्यावर निदान खड्डा तरी दिसतो गं!” तेव्हा वेईकोसुद्धा हसला. त्या घरातले ते हसणे माझ्या चांगले लक्षात आहे, कारण पुढे फार वेळा ते मला ऐकू आले नाही.

आठवड्याभरात हेल्मीला माझी गोम कळली. नजर समोर, खांदे सैल, पाय गोल. ती फिरू लागली की मी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायचो. वेईकोने भिंतीवर कामगार संघाची दिनदर्शिका टांगली. हेल्मीचा सराव झाला की तो कानावरची पेन्सिल काढून त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारी. फुलीशिवाय दुसरी शाबासकी त्याला येत नव्हती.

पण हिवाळा काही फक्त माझा नव्हता. सिल्वीचा थोरला भाऊ ओर्वो जवळच राहत असे. तरुणपणी तो नावाजलेला स्कीपटू होता. शनिवारी सौना, म्हणजे अंगणातली वाफेची न्हाणी, तापवायला तो आला की भाचीच्या पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून तळ्यापलीकडच्या रानात घेऊन जाई. परतल्यावर तिचे गाल लालबुंद असत. दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर बसली की मला तिचे वजन हलके झाल्यासारखे वाटे. अंगाला वेगळे काम मिळाले, मनाला मोकळी हवा मिळाली की पायांत अशी नवी ताकद येते. हे मला, एका लोखंडाला, कळत होते.

वेईकोला ते पटत नसे. “बर्फात घसरगुंड्या खेळून कुणी सायकलची शर्यत जिंकलीय?” तो म्हणे.

“आणि तू पोरीला घाण्याला जुंपलंयस, ते?” ओर्वो उलट सुनावी. “घाण्याच्या बैलाला निदान रात्रीचा चारा आणि झोप तरी देतात. अरे, हिवाळा काय देवानं उगाच केलाय? जमीनसुद्धा झोपते.”

“जमिनीला मे महिन्यात निवड चाचणी द्यायची नसते,” वेईको म्हणे आणि संवाद तिथेच संपे.

वसंतात हेल्मीने गावच्या सायकल क्लबच्या दोन शर्यती जिंकल्या. क्लबची माणसे मला बघायला तळघरात येऊन गेली. कुणी माझे नळे हाताने फिरवून पाहिले, कुणी म्हणाले, “वेईको, काय यंत्र केलंयस रे!” मित्रांनो, खोटे कशाला बोलू, तेव्हा मी फुगून गेलो होतो.

मे महिन्यात प्रांताच्या संघाची निवड झाली. संघात चार जणी घेणार होते. हेल्मी पाचवी आली.

त्या संध्याकाळी वेईको एकटाच तळघरात आला. दिनदर्शिकेची पाने उलटत तो बोटाने चौकोन मोजत राहिला. फुली नसलेले चौकोन नऊ निघाले. ते नऊ दिवस हेल्मी मामाबरोबर रानात गेली होती. वेईकोने तिला हाक मारली, दिनदर्शिका दाखवली आणि एवढेच म्हणाला, “नऊ.” तो ओरडला असता तर बरे झाले असते. हेल्मीची मान खाली गेली. पुढचा हिवाळा आला तेव्हा तिनेच स्वतःच्या हाताने स्की तळघराच्या वाशांवर चढवून टाकल्या.

तो दुसरा हिवाळा. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून एकही खाडा नाही. नाताळला नाही, तिच्या वाढदिवसाला नाही. ओर्वोमामा दाराशी येऊन परत जाई. फुल्यांची रांग महिना ओलांडून दुसऱ्या महिन्यात, तिथून तिसऱ्यात गेली. वेईको येणाऱ्याजाणाऱ्याला ती रांग दाखवी. हेल्मी आता हसत नसे. तिचा वेग वाढत नव्हता, उलट कमी होत होता. मला ते चाकाखाली कळत होते. पण मोजायचे होते ते दिवस, वेग नव्हे.

फेब्रुवारीत गावात तापाची साथ आली. शाळेचे वर्ग अर्धे ओस पडले. सिल्वी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, तिथे साथीमुळे काम दुप्पट झाले होते. ती सकाळी जाई ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी येई. त्या मंगळवारी दुपारी हेल्मी अंगावर घोंगडी घेऊन खाली आली. वेईको दिवसपाळी करून नुकताच आला होता.

“बाबा, अंग फार दुखतंय. रात्रीपासून कणकण आहे,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला.

त्याने तिच्याकडे पाहिले. मग भिंतीवरच्या फुल्यांकडे पाहिले. मग कानावरची पेन्सिल काढली, सायकलच्या सीटवर ठेवली आणि जिना चढून वर निघून गेला. एक शब्दही बोलला नाही.

हेल्मी सायकलपाशी आली. नंतर तिने घोंगडी घडी करून बाजूला ठेवली, सीटवरची पेन्सिल उचलली आणि माझ्यावर चढली.

माझे गुणगुणणे सुरू झाले तसा वर रेडिओचा आवाज एकदम बारीक झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण पावले जिन्याकडे आली नाहीत. तो वर बसून माझे फिरणे ऐकत होता. मी थांबतो का, हे ऐकत होता. त्या दिवशी फुली हेल्मीने स्वतः मारली.

असे चार दिवस गेले. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी ती ताप अंगात घेऊन आली. आईने कपाळाला हात लावला की ती म्हणे, “आता बरं आहे गं.” पाचव्या दिवशी, शनिवारी, दहा मिनिटेही झाली नव्हती. तिचे पुढचे चाक डावीउजवीकडे भरकटू लागले. मी तिला सावरू शकत नव्हतो. मला फक्त फिरता येते. ती सायकलसकट फरशीवर कोसळली, आणि या वेळी खाली धुण्याची टोपली नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते. मागचे चाक एकटेच फिरत राहिले. आवाज बंद झाला तेव्हा वेईको धावत खाली आला.

सौना तापवायला आलेला ओर्वो अंगणातच होता. त्याने आणि वेईकोने तिला उचलून वर नेले.

चार दिवसांनी सिल्वी तळघरात आली. मागोमाग वेईको. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “डॉक्टर म्हणाले, तापाचं विष हृदयात उतरलं,” ती म्हणाली. “अंथरुणात पडून राहिली असती तर बहुधा आठवड्यात उठून बसली असती, म्हणाले. जगेल. पण सायकल विसरा, म्हणाले.” मग ती त्याच्याकडे वळली. “वेईको, तू सांगितलंस का तिला बसायला?”

“नाही. देवाशप्पथ नाही. मी एका शब्दानंही तिला सांगितलं नाही.”

ते खरे होते, मित्रांनो. यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच की ते अगदी खरे होते.

“या लोखंडानं घात केला,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “बनवलंच नसतं तर बरं झालं असतं.”

सिल्वी वर गेली. शिवणाच्या डब्यातली कात्री आणून तिने माझा रबरी पट्टा कचाकच कापला. त्या वेळी मला तिचा राग आला होता. पुढे आला नाही. बर्फ वितळल्यावर ती हेल्मीला घेऊन भावाच्या घरी राहायला गेली आणि परत आली नाही. मला वेईकोने भिंतीशी उभे करून ठेवले. माझ्या नळ्यांवर गंज चढला, चौकटीत कोळ्यांनी संसार थाटले.

हेल्मीला मी त्यानंतर एकदाच पाहिले. आई वारली त्या वर्षी ती आईचे शिवणयंत्र न्यायला आली. केस पिकू लागले होते. जिन्याच्या मध्यावर ती दम घ्यायला थांबली. दूरच्या एका शाळेत ती टंकलेखनाचे काम करत होती. तिने माझ्यावरची धूळ तळव्याने पुसली, एक नळा फिरवला आणि हलकेच म्हणाली, “अजून फिरतोस होय रे?” मग तिने जिन्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तेच तर मी सगळ्यांना सांगत आलो. मी काही बोललोच नव्हतो.”

“हो. मी पण तेच म्हणतेय,” हेल्मी म्हणाली. तिने शिवणयंत्राचे झाकण लावले आणि टॅक्सीवाल्याला हाक मारली.

वेईको ऐंशीला टेकला तेव्हा घर सोडून वृद्धाश्रमात निघाला. सामान वाटताना त्याने मला घासूनपुसून नवा पट्टा चढवला आणि शेजारच्या गल्लीतल्या झील रँकूरला देऊन टाकले. त्याची मुलगी मिरेई सायकल चालवते, हे वेईकोच्या कानावर आले होते. मला गाडीत ठेवताना तो ताठ उभा राहून झीलला म्हणाला, “माझ्या मुलीनं अख्खा हिवाळा यावर काढलाय. एकही खाडा नाही.” झीलने कौतुकाने मान हलवली. पुढे काय झाले ते त्याने विचारले नाही, आणि वेईकोने सांगितले नाही.

झील मोठा शहाणा आहे असे नाही. तो तळघरातल्या सोफ्यावर लोळत हॉकी बघणारा, चिप्स खाणारा, माझ्यावर ओले मोजे वाळत घालणारा माणूस. जानेवारीतल्या एका दुपारी मिरेई माझ्यावर बसली आणि दोनदा खोकली. झीलने टीव्हीवरून नजरही न हलवता म्हटले, “ए, उतर गं. नाक गळतंय तुझं. जा, वाटाण्याचं सूप गरम करून पी.”

“पण बाबा, माझं आजचं राहील ना!”

“राहू दे की. उतर.”

ती कुरकुरत उतरली आणि वर गेली. माझे नळे दोन-चार फेरे घेऊन थांबले. मित्रांनो, हिवाळ्यात शरीर राखावे, जरूर राखावे. पण अंग तापले असेल तेव्हा उतरावे, आणि मोठ्यांनी तसे तोंडाने म्हणावे. ‘उतर’ हा एक शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तीनच अक्षरे. इतका सोपा होता तो.