पिस्तुलाला कुंकू

सालेम अर्बाबच्या चुलतभावाने पिस्तूल घेतलं, तेव्हा सालेम अर्बाबलाही आपल्या जिवाला धोका असल्याचं जाणवू लागलं. तोवर सोहारच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी गेटं बनवणाऱ्या माणसावर कोणी डूख धरील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. धोका नेमका कोणापासून, ते ठरायचं बाकी होतं. पण परवाना आला, कागदपत्रं झाली, आणि मस्कतच्या दुकानातून एक भारीतलं इटालियन पिस्तूल काही दिवस वापरून बघण्यासाठी त्याच्याकडे आलं. रोज अंगावर बाळगायचं हत्यार. चपलेसारखं पायात घालून फिरून बघितल्याशिवाय कसं घ्यायचं?

पारखायचं काम उत्तम धोपावकरकडे आलं. अर्बाब म्हणजे मालक, आणि उत्तम हा त्याच्या वर्कशॉपचा फोरमन. इथे येण्याआधी तो पलटणीत आर्मरर होता, म्हणजे दुसऱ्यांनी झाडायच्या बंदुका दुरुस्त करणारा. लढाईची एकही गोष्ट त्याच्यापाशी नव्हती. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत असे.

अर्बाबने एकच अट घातली. त्याची हिंदी कामगारांकडून उचललेली होती, पण कामगारांनी ती सुपरवायझरांकडून उचलली असल्यामुळे तिच्यात आज्ञार्थ तेवढा मजबूत होता.

"हाथ लगाना, मेरे सामने. मैं नहीं, तो हाथ नहीं."

"नहीं, अर्बाब," उत्तम म्हणाला. तिजोरीची किल्ली मात्र उत्तमच्याच खिशात असे, कारण अर्बाब किल्ल्या हरवत असे.

पिस्तूल घेऊन दुकानाचा माणूस आला तो हुसैनमियाँ. हत्यारं साफ करायची, तेल द्यायचं, गिऱ्हाइकाला दाखवायची, हे त्याचं काम. हुसैनमियाँ दाभोळचा आणि उत्तम समोरच्या काठावरच्या धोपाव्याचा. मध्ये फक्त फेरीबोट. गावी असते तर दोघांनी एकमेकांना ओळखही दिली नसती. ओमानात ते सख्ख्या भावांसारखे होते, म्हणजे भेटले की आधी एकमेकांचं काढत.

"हातात धर. वजन बघ," हुसैनमियाँ म्हणाला. "कोंबडीच्या पिल्लाएवढं."

"पिल्लाचा चाप ओढला तर ते काय करतं?"

"ते गिऱ्हाईक विचारतं. तू नको विचारू, मेल्या."

उत्तमने मॅगझिन काढलं, वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवली, आत गोळी नसल्याचं डोळ्यांनी पाहिलं, करंगळीने पाहिलं, आणि मगच बोलायला सुरुवात केली. मूठ तळहातात बसत होती. चाप हलका होता पण उथळ नव्हता. नेम धरायचे ठिपके डोळ्यांना शोधावे लागत नव्हते. आतून तर ते असं स्वच्छ होतं की उत्तमला पलटणीतला आपला सुभेदार आठवला. तो असता तर त्याने नक्कीच काहीतरी काढलं असतं.

"कोणी साफ केलं?"

"कोणी म्हणजे? हे हात कोणाचे?" हुसैनमियाँने हात पुढे केले. "दुकानात पैज आहे. माझ्या हातून गेलेलं हत्यार अडलं, तर मी दाढी उतरवीन."

पिस्तूल पास झालं. अर्बाब नापास झाला. अडचण कपड्यांची होती. ओमानी दिशदाशा म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा सरळसोट झगा. त्याला पट्टा नाही, बाहेरून हात घालायला वाट नाही. अर्बाबने पिस्तूल आतून कमरेला बांधून बघितलं.

"कैसा?"

"दिखता नहीं, अर्बाब. लेकिन चोर आया, तो पहले पूरा कपडा ऊपर उठाना पडेगा."

अर्बाबने विचार केला. "चोर शरीफ हुआ तो?"

"तो वो उधर देखेगा."

हुसैनमियाँ खिडकीबाहेर बघू लागला. मग खांद्याच्या पट्ट्याने काखेत लटकवून झालं. त्यात अर्बाबला एका बाजूला गळू झाल्यासारखं दिसत होतं, पण तो म्हणाला की चुलतभावालाही तसंच दिसतं. ठरलं. परवा नेमबाजीच्या क्लबात चुलतभावासमोर झाडून बघायचं आणि मग पक्कं करायचं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

वर्कशॉपमधल्या आपल्या पोरांनी सकाळीच ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट आणि कटर यांना हळदकुंकू लावलं होतं. अर्बाबला हे ठाऊक होतं आणि त्याची ना नव्हती. त्या दिवशी मशिनं बंद राहतात एवढीच त्याची तक्रार. आपट्याची पानं ओमानात कुठली, म्हणून उत्तमने कुंपणालगतच्या गाफच्या डहाळ्या आणल्या होत्या. इथे गाफ म्हणतात ती आपली शमीच. ती इथे पार वाळवंटात, कोणी न सांगता उभी असते.

दुपारी अर्बाब नमाजाला आणि तिथून झोपायला गेला. ऑफिसात उत्तम, पूजेचं ताट आणि तिजोरी एवढेच उरले.

उत्तमने बराच वेळ तिजोरीकडे बघितलं नाही. पण पकडी, पाने, कानशी यांची पूजा झाली, आणि वास्तूत असलेलं एकुलतं एक खरं शस्त्र अंधारात पडून राहिलं, हे त्याला बघवेना. पलटणीत तर तोफेलाही कुंकू लागे. शिवाय हात लावायचा नाही असं अर्बाब म्हणाला होता. कुंकू बोटाने लागतं.

त्याने किल्ली लावली. पिस्तूल काढलं, मॅगझिन वेगळं केलं, स्लाइड मागे ओढून अडकवली आणि करंगळी घालून खात्री केली. हत्यार ठेवायचं ते उघडं, आत गोळी नाही हे कोणालाही दिसेल असं. पलटणीची शिस्त. असं ते आडवं, उघड्या तोंडाने वर बघत असलेलं पिस्तूल ताटात ठेवून उत्तमने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, शमी वाहिली, डोळे मिटले, आणि तुपात कालवलेल्या लाल अक्षता टाकल्या.

मग रुमालाने बाहेरून लख्ख पुसून त्याने ते परत ठेवलं. आत बघितलं नाही. आत एकदा बघून झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी क्लबात चुलतभाऊ आधीच येऊन आपलं पिस्तूल झाडत होता. ते स्वस्तातलं होतं आणि फार आवाज करत होतं. अर्बाबने काखेतून आपलं काढलं. मॅगझिन भरलं. स्लाइड ओढून सोडली. ती पुढे गेली आणि पूर्ण बसायच्या आधीच, केसभर अलीकडे थांबली. अर्बाबने चाप ओढला. काहीच नाही. गोळी काढली, दुसरी चढवली. पुन्हा तेच. चुलतभाऊ सौजन्याने दुसरीकडे बघत होता, आणि तेच अर्बाबला जास्त लागलं.

"उत्तम. देख."

उत्तमने पिस्तूल रिकामं करून आत बघितलं. गोळी जिथे बसते त्या कोनाड्याच्या तोंडाशीच तुपाने चिकटलेला, चेपलेला, लाल तांदळाचा दाणा होता.

त्याने तो नखाने काढला. नखावरचा दाणा सगळ्या क्लबाला दिसतो आहे असं त्याला वाटलं. खिशात टाकायला हात खाली नेला असता तर विचारलं असतं. त्याने तो तोंडात टाकला. तूप, कुंकू आणि बंदुकीचं तेल. त्याने गिळला.

"क्या है?"

"कुछ नहीं, अर्बाब."

पुन्हा भरलं असतं तर ते चाललं असतं. पण अर्बाब तोवर फोनवर होता. तो अरबीत बोलत होता आणि उत्तमला त्यातला एकच शब्द नीट कळला. हुसैन.

दोन दिवसांनी हुसैनमियाँचा फोन आला.

"उत्तम, दुकानाचा मालक म्हणतो, व्हिसा पुढे नाही वाढवणार. महिनाअखेर खलास. म्हणतो, एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची लाज काढलीस. तू होतास ना तिथे? काय दिसलं रे आत?"

"काय नाय दिसलं."

"तेच तर. मीच काहीतरी ठेवलं असणार. डोळे गेले की काय माझे?"

उत्तमने फोन ठेवला आणि गावी बायकोला, विशाखाला, लावला. सगळं ऐकून तिने विचारलं,

"अक्षता धुतलेल्या तांदळाच्या होत्या ना?"

"अगं, ते महत्त्वाचं आहे काय?"

"नाही, विचारलं. आता हुसैनभावजींना सांगा, आणि साहेबालाही सांगा. आणि मला परत फोन सांगून झाल्यावरच करा."

शुक्रवारी उत्तम मस्कतला, अल् घुब्राला गेला. इंडियन स्कूलच्या मागच्या इमारतीत हुसैनमियाँ राहत असे. दारातच हवाबीवहिनी म्हणाल्या, "या भावजी. तुमच्यासाठी सांदणं केलीत." सांगायचं ते उत्तमने सांदणाच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. मग सांदणानंतर. मग चहानंतर.

हुसैनमियाँची मुलगी नौशीन यंदा बारावीला होती. टेबलावर पुस्तकांचा ढीग होता आणि भिंतीशी एक रिकामं खोकं, अजून न भरलेलं. तिने खुर्ची ओढली.

"उत्तमकाका, तुम्ही आर्मीत होता ना. तुम्ही अर्बाबला सांगा ना की अब्बा चेक... चेक करतात. डबल चेक. ते रोज घरी पण चेक करतात. गॅस पण."

"सांगतो हां, बाळ."

"पक्का?"

"पक्का."

हुसैनमियाँ आपल्या हातांकडे बघत बसला होता. दाढी त्याने उतरवली होती. त्याने ती गोष्ट काढली नाही आणि उत्तमनेही विचारलं नाही. जिना उतरताना उत्तमच्या हातात हवाबीवहिनींनी बांधून दिलेली सांदणं होती. सोहारपर्यंत ती त्याने मांडीवरच ठेवली. शेजारच्या सीटवर ठेवायचं धाडस झालं नाही, न जाणो कोणी विचारलं असतं, काय आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो अर्बाबच्या बैठकीत जाऊन बसला. अर्बाबने स्वतः कहवा ओतला. ओमानात कहवा पुरे झाला की कप हलवून दाखवायचा असतो. हलवला नाही तर यजमान ओततच राहतो. उत्तम कप हलवायचं विसरला, कारण त्याचं सगळं लक्ष पहिल्या वाक्यावर होतं. अर्बाब ओतत राहिला. शेवटी किटली तिरकी धरावी लागली, तेव्हा अर्बाब म्हणाला, "क्या हुआ, उत्तम? मर गया कोई?"

उत्तमने सांगितलं. तिजोरी, ताट, कुंकू, दाणा. गिळल्याचंही सांगितलं.

अर्बाबने किटली खाली ठेवली.

"चावल?"

"हां, अर्बाब."

"पका हुआ?"

"कच्चा."

हे अर्बाबला थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग त्याचा चेहरा पुन्हा ताठ झाला. "तेरा पूजा, तेरा काम. मैं कभी बोला? लेकिन मैं बोला, मैं नहीं तो हाथ नहीं. तू बोला, नहीं अर्बाब."

"हां."

"और क्लब में मैं पूछा, तू बोला, कुछ नहीं."

"हां."

"क्या मांगा तूने, पूजा में?"

उत्तमला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "मांगा कि... ये आपको कभी चलाना नहीं पडे."

अर्बाबने त्याच्याकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, आणि हात पुढे केला. "चाबी."

उत्तमने किल्ली दिली. इतक्या वर्षांची किल्ली. खिसा त्या बाजूला उगाच हलका झाला.

"दुकान को मैं बोलेगा," अर्बाब म्हणाला. "हुसैन को तू बोलेगा. और पिस्तौल लेके जायेगा मैं. तू बाजू में बैठेगा. हाथ नीचे."

मस्कतच्या दुकानात ते पोचले तेव्हा हुसैनमियाँ काउंटरमागून जवळजवळ धावत आला. अर्बाब केस काउंटरवर ठेवून मालकाच्या केबिनमध्ये गेला. हुसैनमियाँने उत्तमचा दंड धरला.

"अर्बाबचा फोन आला होता काल. म्हणाला, त्याच्या गाडीतली वाळू गेली होती आत. वाळू! मालकाने माझी माफी मागितली रे. व्हिसाचा अर्जही गेला. मी म्हणत होतो ना, माझा हात..." त्याने हात वर केला. "नौशीनला सांगितलं तर तिने खोकं लाथेने उडवलं."

सगळं मिटलं होतं. अर्बाबने सगळं वाळूवर ढकललं होतं, आणि ओमानात वाळूला कोणी जाब विचारत नाही. उत्तमने फक्त हो म्हणायचं होतं. तोंड उघडून तो होच म्हणणार होता.

"वाळू नव्हती," तो म्हणाला. "अक्षता होती. मी पूजा केली. खंडेनवमीला."

हुसैनमियाँ हसला. खंडेनवमी त्याला माहीत होती. दाभोळला शेजारच्या सुताराच्या पटाशीला कुंकू लागलेलं त्याने लहानपणापासून बघितलेलं. तो खदखदून हसला आणि मग मध्येच थांबला.

"तुला कधी कळलं?"

"क्लबातच. दाणा मीच काढला."

"मग तो दाणा?"

"गिळला."

"म्हणजे फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं. आणि त्याच्यावर माझ्या घरी येऊन सांदणं खाल्लीस."

उत्तमने काउंटरवरचे हात खाली घेतले.

"मी गॅस बंद केला का ते बघायला झोपेतून उठत होतो, उत्तम. काच पुसली तर दुसऱ्याला दाखवत होतो, पुसली गेली का म्हणून."

"माझं चुकलं, हुसैन."

हुसैनमियाँने केस उघडली. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, आणि खणातून ब्रश, तेलाची बाटली, फडकं काढून उत्तमपुढे ठेवलं. केबिनच्या काचेआडून अर्बाब बघत होता. त्याने होकारार्थी मान हलवली.

"साफ कर," हुसैनमियाँ म्हणाला. "माझ्यासमोर."

उत्तमने ब्रश घेतला. नळी साफ केली, गोळीचा कोनाडा साफ केला, फडकं फिरवलं, तेलाचा हात दिला. हुसैनमियाँने पिस्तूल उजेडाकडे धरून आत बघितलं. आत काहीही नव्हतं.

"परत," तो म्हणाला.

उत्तमने परत केलं. हुसैनमियाँने परत उजेडाला धरलं, जास्त वेळ.

"परत."

अर्बाबच्या खरेदीचा कागद केबिनमध्ये केव्हाच झाला होता. बाहेर येऊन तो एका खुर्चीवर बसला आणि काखेतला रिकामा पट्टा चाचपत दोघांकडे बघत राहिला. कोणाला घाई नव्हती. उत्तमने फडक्याची कोरी बाजू वर केली आणि पुन्हा सुरुवात केली.