भोंगा वाजल्यावर

सकाळपासून एनिडचा जीव थाऱ्यावर नव्हता. विल्फने तिसऱ्यांदा विचारलं होतं, "आज भरती किती वाजता?" तीस वर्षं ओहोटीच्या वेळी आर्नसाइडची वाळू तुडवत लोकांना खाडीपलीकडे नेणारा तिचा नवरा, आणि त्याने हे विचारावं.

साडेदहाला दोघं मॉस कुत्र्याला घेऊन खाडीवर आली. सोडल्याबरोबर तो ओहोटीच्या वाळूवर धावला, त्याच्यामागे विल्फ उतरला. एनिड काठावर येरझारा घालत राहिली.

तेवढ्यात भरतीचा भोंगा वाजला. वाळूवरची माणसं माघारी वळली. विल्फ पुढेच चालला होता.

"विल्फ, भोंगा झाला. मागे फीर."

"अजून दोन तास आहेत."

"विल्फ, ऐक ना."

"मला शिकवतेस? तू डोंगराकडची, तुला भरतीतलं काय कळतंय?"

एनिड वाळूत उतरली. तिने त्याचा दंड धरला, त्याने झटकला. समुद्राच्या बाजूला एक पांढरी रेघ दिसू लागली होती. ओढून नेण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती.

"बरं, राहा तू," ती म्हणाली. "पण मॉसचा पाय लचकलाय. त्याला कोण नेणार? मला उचलवत नाही."

विल्फ थबकला. त्याने शीळ घातली, जवळ आलेल्या कुत्र्याला खांद्यावर घेतलं. "मुक्या जनावराला असं चालवतेस? अक्कल कुठे गेली तुझी?" असं बडबडत तो तरातरा काठाकडे निघाला. एनिड मागे धावली. ओल्या वाळूत तिचा एक बूट रुतला. तो तिने तिथेच सोडला.

ती पायऱ्या चढली आणि लाट आली. गुडघ्याएवढीच, पण या काठापासून त्या काठापर्यंत, फुसफुसत. दोघं उभी होती तिथे आता गढूळ पाणी होतं.

विल्फने मॉसला खाली ठेवलं. तो चारी पायांवर उधळत कठड्याकडे पळाला. विल्फ त्याच्याकडे बघत राहिला, मग एनिडच्या ओल्या मोज्याकडे. तिला पायरीवर बसवून त्याने गळ्यातला मफलर काढून तिच्या पावलाला गुंडाळला.

"उद्यापासून कुत्र्याला तूच आण," तो मान खाली घालून म्हणाला.

"आणि तू?"

"मी घरी चहा टाकीन."

एनिड पायरीवरच बसून राहिली. पाणी चढतच होतं.