शनिवारचं तेल

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. नाव ऐकून हसलात ना? हसा खुशाल. आता प्लॅस्टिकचे गोल वॉकर निघालेत, बटण दाबलं की गाणी म्हणतात. मला गाणं येत नाही. तीन लाकडी चाकं, दोन उभ्या दांड्या आणि हातात धरायला एक आडवी दांडी, एवढाच माझा संसार. नुकतं उभं राहायला लागलेलं लेकरू ती दांडी धरतं, मला पुढं ढकलतं आणि माझ्यामागं पाऊल टाकतं. मला चाकं आहेत खरी, पण आपल्या मनानं मी वीतभरही कधी हललो नाही. ढकललं तर जायचं, सोडलं तर थांबायचं. हे ध्यानात ठेवा. कारण पुढं जे झालं ते मी सगळं डोळ्यांदेखत पाहिलं, आणि मला काही म्हणता काही करता आलं नाही.

माझा जन्म पाचोडचा. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावातल्या कडूबा सुतारानं बाभळीच्या लाकडातून मला घडवलं. कडूबाच्या आधीची भावंडं एकामागून एक दगावली, म्हणून आईनं त्याचं नाव कडू ठेवलं होतं. यमानं तोंडात घेतला की थुंकून टाकावा, असा त्या माउलीचा हिशेब. आमच्या भागात अशी नावं पुष्कळ. कुणी कडूबा, कुणी दगडाबाई. जे लेकरू हवं असतं त्यालाच नको-नको म्हणायचं, म्हणजे नजर लागत नाही. मला ही रीत तेव्हा गमतीची वाटायची.

कडूबानं मला आप्पासाहेबांच्या वाड्यावर पोचवलं. त्यांच्या नातवंडांना मी चालायला शिकवलं. काय तो मान होता माझा! लेकरानं मला धरून ओसरी ओलांडली की घरात गूळ वाटायचे. पण मित्रांनो, माझ्या धंद्यात एक वाईट आहे. काम चोख केलं की मला सोडून जातात. शेवटचं नातवंड पळायला लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, कांद्यांच्या ढिगाखाली. किती वर्षं गेली, कांद्यांनाच माहीत.

मला तिथून काढलं आवडाबाईनं. ती त्या घराची सून. नवरा लवकर गेला, पदरात लेकरू नाही, आणि घरात कुणी नीट बोलेना. तिनं औरंगाबादची वाट धरली. तेव्हा छत्रपती संभाजीनगरला औरंगाबादच म्हणायचे. तिथं एका शिशुगृहात तिला आयाचं काम लागलं. शिशुगृह म्हणजे आईबापांनी सोडलेल्या लेकरांचं घर. दिवाळीला ती गावी आली, माळ्यावर कांदे काढायला चढली आणि मला घेऊनच उतरली.

सासू म्हणाली, "हे खुळखुळं कशाला नेती?"

"तिथली लेकरं दिवसभर पाळण्यात पडून ऱ्हात्यात," आवडाबाई म्हणाली. "चालायलाच शिकंनात. मोडकं का होईना, गाडं हाये ना!"

एसटीच्या टपावर दोरीनं बांधून मी शहरात आलो. फाटकाशी इलियासचाचा पहारेकरी होते. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "आवडाबाई, ये तुम्हारे गाड्या को तो दमा है! सुनो, कैसा खोकता," म्हणाले, आणि आपल्या सायकलच्या तेलाची बाटली आणून माझ्या चाकांत दोन थेंब सोडले. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागलो. मजीद चालला, बन्सी चालला, साळू चालली. चालायला लागलेली लेकरं हळूहळू कुणाकुणाच्या घरी जायची. कुणी जालन्याला, कुणी पुण्याला. साळूला तर साता समुद्रापलीकडच्या डेन्मार्क देशातलं एक जोडपं घेऊन गेलं. बाईचं नाव इंगा, बाप्याचं लार्स. आवडाबाई तिला निरोप देऊन मागं आली आणि माझ्या दांडीवर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून दुसऱ्या लेकराचं दूध गरम करायला गेली.

आता दगडीचं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

सोडून दिलेली लेकरं ठेवायला फाटकाजवळ एक पाळणा असायचा; एका सकाळी इलियासचाचांना ती त्यात सापडली. एवढीशी, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. जगते का मरते कळेना. आवडाबाईनं तिला छातीशी धरलं आणि तिथल्या तिथं नाव ठेवून टाकलं, दगडाबाई. संस्थेच्या प्रमुख आशाताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, दीड वितीचं लेकरू आणि नाव दगडाबाई?"

"दगडाला कोन नेतंय ताई? राहू द्या."

आणि राहिली की! दगडी जगली. बोलायला लवकर लागली, हसायला त्याहून लवकर. पण पाय काही केल्या उभे राहीनात. आवडाबाई रोज तिळाच्या तेलानं तिचे पाय चोळायची आणि तिला माझ्या दांडीशी उभी करायची. ती लटपटायची, बुडावर आपटायची आणि माझ्यावरच ओरडायची, "गाडा, चल!" जणू चूक माझीच.

त्याच सुमाराला डेन्मार्कहून इंगा आणि लार्सचा निरोप आला. त्यांना दुसरी लेक हवी होती, आणि तीही साळूच्याच घरातली, म्हणजे आमच्याकडची. आशाताईंनी दगडीचा फोटो धाडला. साळूनं तो म्हणे आपल्या उशाशी लावला आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं, ही माझी बहीण. आवडाबाई हरखून गेली. "साळूची बहीण व्हनार माझी दगडी! जा बाई, नशीब काढलंस," असं म्हणत ती लेकराला हसवायची, आणि पाठ वळली की पदराला डोळे पुसायची.

मग आला तो बुधवार. संध्याकाळची वेळ. व्हरांड्यात आवडाबाई लंगोट घड्या करत बसली होती. दगडी मला ढकलत निघाली. मध्येच तिनं दांडी सोडली. माझ्या काळजाचं पाणी झालं, मित्रांनो. वाटलं, पडली आता! पण पडली नाही. डुलत डुलत, दोन्ही हात पसरून, ती आवडाबाईच्या मांडीपर्यंत चालत गेली. आवडाबाईनं तिला उचलून मटामटा मुके घेतले. पाहणारं दुसरं कुणीच नव्हतं. फक्त ती आणि मी.

तिनं लगेच इकडंतिकडं पाहिलं. चुलीतला निखारा आणून मीठ-मोहरी ओवाळून टाकली आणि दगडीच्या कानात बोलली, "आता शनिवारपतुर कुनापुढं चालायचं न्हाई बरं. मारुतीला तेल घालू, मंग चाल गावभर." पाचोडला त्यांच्या घरात अशीच रीत होती. लेकरानं पहिलं पाऊल टाकलं की शनिवारी मारुतीला तेल वाहायचं, आणि तोवर परक्यापुढं चालवायचं नाही. नजर लागली की पाय पुन्हा जड होतात म्हणे. मी नाही का पाहिलं, आप्पासाहेबांच्या घरी? तिथं चार दिवस लेकरू झाकून ठेवलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिथं त्याची तपासणी कोण करणार होतं?

आणि गुरुवारी डॉक्टर आले.

नवेच डॉक्टर होते. आवडाबाईला वाटलं, नेहमीसारखे सुया टोचायला आलेत. ही तपासणी डेन्मार्कला जायची आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आशाताई त्या दिवशी कोर्टाच्या कामात होत्या. डॉक्टर दगडीला हसवत म्हणाले, "वा, काय छान डोळे आहेत! चालते का ही?"

छान म्हटलं ना त्यांनी? आवडाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं दगडीला पदराखाली ओढलं. "न्हाई वो. कुठली चालती! दगड हाये नुसता."

"खाली सोडा बघू जरा."

तिनं सोडलं, पण बसवून. दगडीनं माझ्याकडं हात केला आणि म्हणाली, "गाडा!" मी समोरच होतो, हाताच्या अंतरावर. आवडाबाईनं पायानं मला मागं सारलं. मी काय करणार? सारलं, गेलो. अहो डॉक्टर, काल चालली हो ती! असं ओरडायला माझा जीव तडफडत होता. पण कडूबानं मला चाकं दिली, तोंड दिलं नाही. डॉक्टरांनी दगडीचे बारीक पाय हातात घेऊन वाकवले, मान हलवली आणि काहीतरी लिहून निघून गेले.

शनिवारी आवडाबाईनं मारुतीला तेल वाहिलं आणि नाचतच परत आली. "ताई! ताई, दगडी चालली!"

आशाताई उभ्याच राहिल्या. "परवा तर डॉक्टरांना नाही म्हणालीस तू."

"ते... तेल घालायचं व्हतं ना ताई."

आशाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कालच कागद गेले गं. मुलीच्या पायात दोष असावा, असं लिहिलंय." मग त्यांनी त्याच दिवशी तार केली, पुन्हा डॉक्टर बोलावले, पुन्हा कळवलं. पण नुसती तार तिकडं चालेना, आणि डॉक्टरांचा नवा कागद पोचेपर्यंत तिकडच्या कचेरीनं इंगा आणि लार्सला दुसऱ्या मुलीचं नाव देऊनही टाकलं होतं. ती आमच्याकडचीच, गुबगुबीत हसीना. रांगणारी, निरोगी. कोर्टात तिच्याच नावाचा हुकूम झाला. आता कुणावर चिडू सांगा! हसीनालाही घर हवंच होतं. तिचं नशीब उघडलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं, असं कुठं असतं का?

पाहुणे आले तेव्हा उन्हाळा लागला होता. इंगा, लार्स, आणि त्यांच्यामध्ये साळू, मोठी झालेली, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेली. मराठीचा एक शब्द तिला आठवत नव्हता. पण मला पाहिलं आणि ती थबकली. जवळ आली, माझ्या दांडीवर हात ठेवला आणि गुडघे वाकवून पूर्वीएवढीच लहान झाली. हातांना आठवत होतं, मित्रांनो! मी धन्य झालो. तेवढ्यात तिला खांबाआडून बघणारी दगडी दिसली. साळूनं तिला फोटोवरून लगेच ओळखलं. हात धरून माझ्याशी आणलं, दांडी धरायला लावली, स्वतः समोर जाऊन बसली आणि हात पसरले.

दगडीनं मला सोडलं आणि तिच्याकडं चालत गेली. डुलत नाही, चांगली ताठ, टपाटपा पाय टाकत.

इंगाच्या कडेवर हसीना होती. इंगानं दगडीच्या पायांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, मग आशाताईंकडं. साळू उठून आपल्या भाषेत भराभरा काहीतरी विचारायला लागली. भाषा कळली नाही तरी काय विचारत होती ते सगळ्यांना कळलं.

आवडाबाई पुढं झाली आणि इंगाच्या पायाशीच बसली. "चालती व्हती वो बाई! तवाबी चालती व्हती. म्याच न्हाई म्हनलं. नजर लागंल म्हून झाकलं. तिचा काय बी दोष न्हाई, माझाच हाये. घेऊन जावा वो तिला!" इंगाला काय कळणार? इलियासचाचांना राहवेना. ते मोठ्यानं हिंदीतून सांगायला लागले, "मॅडम, बच्ची चलती थी, सच्ची!" जशी काय डेन्मार्कात हिंदी बोलतात. शेवटी आशाताईंनी इंग्रजीतून सांगितलं. लार्सनं विचारलं, दोघींना नेता येईल का? आशाताईंनी मान हलवली. त्यांच्या देशाची परवानगी एकीचीच, कोर्टाचा हुकूमही एकीचाच. इंगा खाली बसली आणि आवडाबाईचे दोन्ही हात धरून रडली. दोघी रडत होत्या आणि दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता.

मोटार निघाली. साळू मागच्या काचेला चिकटून बघत होती. दगडी व्हरांड्यातून उतरली आणि मोटारीमागं फाटकापर्यंत चालत गेली. माझ्याशिवाय, सगळ्यांदेखत. "साळू! साळू!" म्हणत होती. नाव तिला आवडाबाईनंच शिकवलं होतं. इलियासचाचांनी फाटक लावलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

इंगा आणि लार्सनी पुन्हा अर्ज केला. तो इकडून तिकडं फिरत राहिला, आणि एक दिवस कळलं की आता त्यांचं वय नियमात बसत नाही. दगडी मोठी झाली. मोठ्या मुलींना शिशुगृहात ठेवत नाहीत, म्हणून तिला दुसऱ्या गावच्या वसतिगृहात धाडलं. जाताना तिनं मला एक लाथ मारली आणि हसली. ती आता कुठं आहे, ठाऊक नाही. चालते आहे, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

आवडाबाईनं मात्र ती रीत त्या दिवसापासून सोडली. कुठल्याही लेकरानं माझी दांडी सोडली की ती हातातलं काम टाकून फाटकावर धावायची. दूधवाला असो, भाजीवाली असो, रस्त्यानं जाणारा कुणी का असेना, सगळ्यांना ओरडून सांगायची, "बघा वो! चाललं लेकरू! बघून जावा!" लोक म्हणायचे, म्हातारी चळली. म्हणू देत. ती थकेपर्यंत ओरडत राहिली, आणि ती गेल्यावर ओरडणारं कुणी उरलं नाही.

मी आता कोठीच्या खोलीत मोडक्या खाटांखाली पडून असतो. एक चाक निखळलंय, दोन गंजलेल्या खिळ्यांवर तगून आहेत. मित्रांनो, तुम्हाला देवानं तोंड दिलंय. कुणाचं चांगलं दिसलं तर ते झाकू नका, तिथल्या तिथं बोला. आणि कधी इकडं आलात, खाटा बाजूला केल्यात, मी सापडलोच, तर माझ्या चाकांत थेंबभर तेल घाला. फक्त त्यासाठी शनिवारची वाट बघू नका.