काळूराम बाहेर गेलेत

फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत.

मेथीच्या दोन जुड्या, एक नारळ, नीमासाठी साधे तांदूळ. उकडे तिला आवडत नाहीत.

फाइल मोठी आहे. छोटी करून पुन्हा जोडा.

टांझानियात आता सकाळचे साडेसहा.

मोरवा गावात आमच्या गल्लीत अकरा घरं. त्यांतल्या सात घरांची लाइट बिलं मेलेल्या माणसांच्या नावाने येतात.

तुमचे सत्र संपले आहे. पुन्हा लॉगिन करा.

"काळूराम हायत का घरात?" "न्हाय. बाहेर गेल्यात."

चौदा दिवस.

*

अर्जदाराचे नाव

नीमा. पासपोर्टवर तिचं नाव तीन शब्दांचं आहे. ते पोर्टलच्या दोन रकान्यांत बसवण्यात माझी एक दुपार गेली. वय एकोणीस, गाव म्बेया, देश टांझानिया. मीरा रोडच्या एका फार्मसी कॉलेजात पहिल्या वर्षाला, शिष्यवृत्तीवर. आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने.

मी ऋतिका, खालच्या मजल्यावरची. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. घर आईचं, म्हणजे कमळाबाईंचं. निदान मला तसं वाटत होतं.

नियम असा आहे: परदेशातून शिकायला आलेल्याने चौदा दिवसांत राहत्या पत्त्याची नोंद करायची. घरमालकाने ऑनलाइन फॉर्म भरायचा, लाइट बिल जोडायचं. मग पोलिस ठाण्यातून माणूस येणार, पत्ता बघणार, मालकाला भेटणार, अहवाल लिहिणार. कॉलेजने नीमाला स्पष्ट सांगितलं होतं की चौदाव्या दिवशी संध्याकाळी पोर्टलवर तिचा अर्ज चालू दिसला पाहिजे. नाकारलेला दिसला, किंवा दिसलाच नाही, तर शिष्यवृत्तीच्या यादीतलं पुढचं नाव वर येईल.

पुढचं नाव कोणाचं ते नीमाला माहीत होतं. ती मुलगी तिच्याच वर्गात बसते.

*

घरमालकाचे नाव

काळूराम.

काळूराम म्हणजे माझे आजोबा. मी जन्मले तेव्हा ते नव्हते. पण लाइट बिल त्यांचं, घरपट्टी त्यांची, पाण्याचा नळ त्यांचा. त्यांना दोन मुलगे. थोरले माझे बाबा, तेही गेले. धाकटे लीलाधर काका, शेजारच्या अर्ध्या घरात राहतात. मधे भिंत आहे, कागदावर ती नाही. बिलावरचं नाव बदलायचं तर कोणाचं तरी एकाचं लावावं लागतं. एकाचं लागलं की दुसऱ्याचं लागलं नाही, हेही त्याच कागदावर येतं. म्हणून बदलायचं नाही.

आणि दुसरं कारण. आजोबांची मिठागराच्या बाजूला जमीन होती, तिचं सरकारशी भांडण चालू आहे. त्याच्या नोटिसा काळूराम या नावाने येतात. नोटीस हातात घेतली की मुदत सुरू होते. घेणाराच घरात नसेल तर ती परत जाते. म्हणून आमच्या घरात पोराला बोलता यायला लागलं की एक वाक्य आधी शिकवतात. खाकी कपड्यातला किंवा खांद्याला बॅग लावलेला कोणीही काळूरामला विचारायला आला, तर म्हणायचं, बाहेर गेलेत. कुठे गेलेत ते सांगायचं नाही. कधी येतील तेही नाही. मी अडीच वर्षांची असताना पोस्टमनला हे सांगितलं होतं म्हणे, आणि काकांनी मला पेढा दिला होता.

फॉर्म मी भरला. पोर्टलला बिलावरचंच नाव लागतं, म्हणून मी काळूराम लिहिलं. जिवंत की मयत असा रकाना नव्हता. असता तर मी थांबले असते. नव्हता म्हणून पुढे गेले. चूक माझी.

*

दिवस सहावा, सोमवार

दवाखान्यात आईचा फोन.

"पोलिस आल्ता."

"बरं झालं. मग?"

"मंग काय? तुझ्या आज्याला विचारीत व्हता. सांगितलं, बाहेर गेल्यात."

"आई! तो नीमाच्या कामासाठी आला होता!"

"मला काय म्हाईत? खाकी व्हती."

खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात कापूस होता, तरी तो हसला.

*

दिवस दहावा, शुक्रवार

मी अर्धी रजा टाकली. हवालदार दुपारी येणार असा निरोप होता, म्हणून ते सकाळीच येऊन गेले. मी केबिन रोडला बिलाची झेरॉक्स काढत होते. ओट्यावर फक्त लीलाधर काका होते. पुढचं सगळं नीमाने माडीच्या कठड्यावरून बघितलं आणि मला जसंच्या तसं करून दाखवलं, काकांच्या पाय हलवण्यासकट; शब्द मी नंतर काकांकडून काढून घेतले.

हवालदारांचं नाव पंढरीनाथ. वय पन्नाशीचं, हातात प्लास्टिकची फाइल.

"काळूराम तुम्हीच का?"

"न्हाय, मी धाकटा मुलगा. बाहेर गेल्यात ते."

"सोमवारी पण बाहेरच होते. गेलेत कुठे?"

इथे काकांनी नियम मोडला. नुसतं बाहेर म्हणून थांबायचं असतं. पण हवालदार पाणी मागून खाली टेकले होते, आणि काकांना बसलेल्या माणसाशी गप्प राहता येत नाही.

"तीर्थयात्रेला."

"वय काय त्यांचं?"

"असंल शंभराच्या आसपास."

"आणि एकटेच गेले?"

"तब्येत चांगली हाय त्यांची."

पंढरीनाथांनी ते लिहून घेतलं.

*

घरमालकाची सहमती

त्या संध्याकाळी मी आई आणि काका दोघांना समोरासमोर बसवलं. एक कागद टाइप करून आणला होता. काळूराम मयत, आम्ही वारस, विद्यार्थिनीला खोली देण्यास आमची हरकत नाही. खाली दोन सह्यांची जागा.

काकांनी कागद हातात न घेता वाचला.

"आज पोरीसाठी सही. उद्या याच कागदावर मोजणीवाला येल."

"काका, हा फक्त पोलिस ठाण्यात जाणार आहे."

"कागद एकदा घराबाहेर गेला का त्याला पाय फुटतात. तू दवाखान्यात बसतंस, तुला काय म्हाईत?"

"मग तिने काय करायचं? चार दिवस राहिलेत तिच्याकडे."

"मंग वयनीच्या नावावर बिल करून घ्या की." हे आईकडे न बघता.

"मी कवा म्हनलं माझ्या नावावर करा?" आई उसळली. "तुमीच गेल्या गणपतीत सगल्यांसमोर म्हनलं, थोरल्या घरानं सगला गिळला."

"मी गिळला न्हाय म्हनलो."

"मंग काय म्हनलंत?"

ते काय म्हणाले होते यावर पाऊण तास गेला. नीमा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होती. तिला शब्द कळत नव्हते, पण कागद टीपॉयवर सहीशिवाय तसाच पडलाय हे दिसत होतं.

मी शेवटी आईला म्हटलं, "तू तरी कर. निदान एक सही होईल."

"तू लगीन करून जाशील," आई म्हणाली. "नोटीस मंग माझ्या नावानं येल, ती मी एकटीनं घ्यायची का?"

आईला नीमा आवडते. रोज संध्याकाळी तिला डबा भरून वर पाठवते. पण सही केली नाही. मी पेन टोपण लावून ठेवून दिलं.

सगळे उठले तेव्हा नीमा खाली आली. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. चंदनाचा हार, खाली लाल बल्ब.

"दीदी, ये काळूराम अंकल हैं?"

"हाँ."

"ये बाहर नहीं गये."

"नहीं."

"तो पुलिस को बोलो ना."

मला राग आला. तिचा नाही. कोणाचा ते त्या क्षणी सांगता आलं नसतं. एवढी सोपी गोष्ट एका एकोणीस वर्षांच्या मुलीने म्बेयाहून येऊन आम्हाला सांगावी लागते.

*

दिवस तेरावा, सोमवार

मी पूर्ण रजा घेतली आणि सकाळी आठपासून ओट्यावर बसले. पंढरीनाथ साडेअकराला आले. स्कूटर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं. आई दारात आली. काका त्यांच्या दारात.

"आले का तीर्थयात्रेहून?"

आईने तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"साहेब, आजोबा वारलेत. एकतीस वर्षं झाली."

गल्लीत समोरच्या घरात कुकर वाजत होता.

पंढरीनाथांनी फाइल उघडली, चष्मा चढवला.

"मागच्या सोमवारी मी लिहिलंय: मालक बाहेरगावी. शुक्रवारी लिहिलंय: मालक तीर्थयात्रेला, तब्येत चांगली. दोन्हीच्या खाली माझी सही आहे." त्यांनी मान वर केली. "आता आज काय लिहू? मयत? साहेब विचारतील, पंढरीनाथ, यात्रेतच गेले का?"

"नाही, एकतीस वर्षांपूर्वी..."

"मग शुक्रवारी तब्येत कोणाची चांगली होती?"

काका वर बघू लागले. वर केबलच्या वायरी होत्या.

"साहेब, आमच्याकडे तसं सांगायची पद्धत आहे," मी म्हटलं. बोलताना मला कळलं, की हे वाक्य कुठल्याच रकान्यात लिहिता येणार नाही.

"असेल पद्धत. पण पोलिसाला दोनदा खोटं सांगितलं, असं मी लिहिलं तर या दोघांना ठाण्यात यावं लागेल. आणि मी न तपासता दोनदा लिहिलं म्हणून मलाही उभं राहावं लागेल. मला दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला."

"मग खरं काहीच लिहायचं नाही?"

"खरं तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगायचं होतं, ताई. मी मुकाट्याने लिहून घेतलं असतं. वारसांच्या सह्या मागितल्या असत्या, संपला विषय."

"त्या मिळाल्या नसत्या," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे बघितलं, मग काकांकडे.

"हे बघा. आज अहवाल दिला तर 'मालक भेटले नाहीत, पत्ता सिद्ध नाही' असंच जाईल, आणि अर्ज नाकारला जाईल. तो मी उद्या संध्याकाळी देतो. तोवर हा अर्ज मागे घ्या आणि दुसऱ्या पत्त्यावर नवा भरा. जिवंत मालक. स्वतःच्या नावाचं बिल. मालक घरी असला पाहिजे."

जाताना त्यांनी नीमाकडे बघून हात हलवला. तिनेही हलवला. तिला वाटलं, काम झालं.

ते तिला समजावून सांगायला मला शब्द सापडेनात. हिंदीत सापडेनात, आणि मराठीत सापडले ते तिला कळले नसते. मी फक्त म्हटलं, "सामान बाँधो." ती म्हणाली, "लेकिन तुमने तो सच बोला."

*

दिवस चौदावा, मंगळवार

दवाखान्यात माझ्याबरोबर चंपा काम करते. समुद्राकडच्या पाली गावात राहते, मासेमारीवालं घर. तिचं बिल तिच्या स्वतःच्या नावाने येतं. सासऱ्यांनी जिवंतपणीच करून दिलं होतं. सकाळी सात वाजता मी तिला फोन केला. ती म्हणाली, एक कॉट आहे, पण खोलीत जाळी ठेवलेली असतात, वास येईल.

जुना अर्ज मागे घेतला, चंपाच्या बिलावर नवा भरला, आणि पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो पोर्टलवर चालू दिसला. नीमाने स्क्रीनचा फोटो काढून कॉलेजला पाठवला, मग घरी पाठवला.

पालीहून कॉलेजला जायला तिला दोन बस लागतात, आणि सकाळची पहिली चुकली की पहिलं लेक्चर गेलं. दुसऱ्या आठवड्यात ती तीनदा उशिरा पोहोचली. कॉलेजने आता तिला हजेरीबद्दल पत्र दिलंय.

त्या मंगळवारी सामान न्यायला रिक्षा आली तेव्हा काका बाहेर आले नाहीत. आईने तांदळाची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो. माडीवरच्या खोलीला आईने कुलूप लावलं. पुढचा भाडेकरू कोण, हे मी विचारलं नाही.

पंढरीनाथांचा आमच्या पत्त्याचा अहवाल मी पुढे कधी पाहिला नाही. म्हणजे सरकारच्या हिशेबात आजोबा अजून यात्रेत असावेत.

आमच्याकडे येण्याआधी नीमाला केबिन रोडवरच्या पाच घरमालकांनी खोली नाकारली होती, आणि आईने तिचा पासपोर्टही न बघता तिच्या हातात चावी ठेवली होती.