अमावस्येचा काटा

अमावस्येला सुरतजवळच्या कडोदऱ्यात एका पत्र्याच्या शेडबाहेर पुरुषांची रांग हायवेपर्यंत जायची. आत काटेवाले बाबा भक्ताला पालथं झोपवत, डोळे मिटायला लावत आणि कमरेखाली ‘सिद्ध काटा’ टोचत. “हिमालयातल्या बाभळीचा आहे, बच्चा,” असं सांगत. हिमालयात बाभूळ कुठली, हे कोणी विचारत नसे. कारण काटा टोचलेला माणूस दोन-चार दिवसांत खरंच वाघासारखा कामावर दिसायचा.

सुरतेतल्या गोडादऱ्याचा रामदास मूल होत नव्हतं म्हणून बाबांकडे गेला. काही महिन्यांत त्याचे दंड भरले. कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, दोघांचं काम तो एकटा उरकू लागला. शेठ सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटे.

त्याच कारखान्यात दगा नावाचा त्याचा साडू होता. वयानं मोठा, कामात जुना. त्याच्याकडे आता शेठ बघतही नसे. घरी बायको सरलाबाई म्हणे, “रामदासभाऊंची तब्येत बघा, कशी झालीय.” दगा ताट सरकवून उठे.

मात्र अमावस्या जवळ आली की रामदास ढेपाळायचा, चिडचिडा व्हायचा. बाबांनी कारण काढलं, “तुझं तेज कोणीतरी पितंय. जवळचाच आहे. जळतोय तुझ्यावर.”

रामदासनं दगाशी बोलणं तोडलं. त्याच्या बायकोनं, वर्षानं, सख्ख्या बहिणीकडे जाणं बंद केलं.

दगाला रागापेक्षा भीती वाटली, कारण तो जळत होताच. पण भीतीनं जळणं काही थांबेना. पुढच्या अमावस्येला तोही रांगेत उभा राहिला.

पालथा पडल्यावर त्याच्या मनात आलं, रामदासला भारी काटा आणि मला साधा देत असतील तर? त्यानं हळूच मान वळवली. बाबांच्या हातात काटा नव्हताच. तेलकट औषधाची सुई होती. दगा उठला, खाटेखालची रिकामी बाटली उचलली आणि बाबा हाका मारत असताना बाहेर पडला.

गोडादऱ्यातल्या डॉ. योगितांनी बाटलीवरचं नाव वाचलं. “हे टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या शरीरात आपोआप बनतं. साडूला मूल हवंय म्हणता? मग हे तर उलटंच चाललंय.”

दगा दोन दिवस रामदासकडे गेलाच नाही. पडू दे त्याला, असंही त्याला वाटलं. मग वर्षाचा चेहरा आठवला आणि तो रामदासच्या दारात गेला.

“मी जळत होतो तुझ्यावर, ते खरं,” तो म्हणाला. “पण तुझी ताकद माझ्या नजरेनं नाही गेली. चल डॉक्टरकडे.”

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रामदासला समजावलं, “सुई घेतली की पातळी एकदम चढते, मग उतरत जाते. महिन्याचं अंतर फार लांब, म्हणून शेवटी तुम्ही गळून जाता. ज्याला खरोखर गरज असते त्याला आम्ही तपासून देतो. कमी अंतरानं सुई, नाहीतर त्वचेवर रोज लावायची जेल, म्हणजे चढउतार कमी होतात. पण बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि वीर्यातले शुक्राणू आटतात. बाबा पाळणा देत नव्हते, अडवत होते.”

रामदासनं विचारलं, “आता होईल मूल?”

“सुई बंद केली की बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत परत येतात. पण मूल का होत नव्हतं, ते आता दोघांचं तपासून बघू.”

दोघा साडूंनी पोलिसांत तक्रार दिली. रांगेतल्या माणसांनाही दारोदार जाऊन सांगितलं. काहींनी त्यांना शिव्या घातल्या, काही दवाखान्यात आले.

गुण आला म्हणजे चमत्कार झाला, असं नाही. शरीरात काय टोचलं जातंय, ते आधी विचारा. जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर तर ते उघडेच ठेवा.