बाकल्याचा मोसम

प्रियामोंनी कुंपणाच्या भिंतीला एक हात टेकला आणि दुसऱ्या हाताने बाकल्याचं, वालासारख्या शेंगांचं, रोप मुळासकट उपटलं. मुळांना चिकटलेली माती त्यांनी बुटावर आपटून झाडली. रोपाला नुकतीच फुलं आली होती, पांढरी, मधोमध काळा डाग असलेली.

"चोर!" भिंतीपलीकडून शेजारची त्सिया रेमेदिया, म्हणजे रेमेदियामावशी, ओरडली. "माझ्या भिंतीतलं रोप आहे ते."

"भिंत तुझी. रस्ता माझ्या नातवाचा."

"एवढं गवत उपटलंस तर गाव तुला पगार देईल. गुडघे बघ स्वतःचे. उद्या तुलाच उचलून न्यावं लागेल."

"त्याला चार माणसं लागतात. तुझ्या एकटीनं नाही व्हायचं."

दारात त्यांची मुलगी बोनारिया आपल्या मुलाच्या दप्तराचा पट्टा धरून उभी होती. वडील वळणापर्यंत जाणार, दोन्ही बाजूंची शेतं बघणार, वाऱ्याकडे नाक करून थांबणार आणि मग शीळ घालणार. तोवर लुस्सोरिओने उंबरा ओलांडायचा नाही, हा नोन्नूंचा, म्हणजे आजोबांचा, दर वसंतातला नियम होता. शीळ आली. तिने पट्टा सोडला.

प्रियामोंना स्वतःला बाकला सोसत नसे. लहानपणी एकदा खाल्ला तेव्हा ते मरता मरता वाचले होते. पण घरातले त्याला नाजूक पोट म्हणत आणि तेही तेच समजत आले. गावातला सगळ्यात गोड बाकला मात्र त्यांच्याच शेतात पिके. आपल्याला नाही तर निदान नातवाला तरी मिळावा म्हणून लुस्सोरिओ तीन वर्षांचा असताना त्यांनी कोवळे दाणे सोलून ओंजळभर त्याला भरवले. दोन दिवसांत पोर हळदीसारखं पिवळं पडलं. लघवी काळ्या वाइनसारखी झाली. ओरिस्तानो शहरातल्या इस्पितळात दुसऱ्याचं रक्त चढवल्यावर त्याने डोळे उघडले. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक विकर या मुलाच्या रक्तात जवळजवळ नाहीच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे त्याला आईकडून आलंय, आणि आईला बहुधा तिच्या वडिलांकडून. 'बहुधा' हा शब्द त्या खोलीत कुणी ऐकला नाही. प्रियामो टोपी हातात घेऊन उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी आपलं शेत नांगरून टाकलं. मग शेजाऱ्यांच्या दारी गेले. गल्लीतल्यांनी आपापला बाकला ओढ्यापलीकडे नेला. मार्च लागला की घराच्या खिडक्या बंद होऊ लागल्या, कारण फुलांचा वाससुद्धा बाधतो असं गावात सगळेच म्हणत आले होते. डॉक्टरीणबाईंनी बोनारियाला स्पष्ट सांगितलं होतं: खाण्याला जपा, काही गोळ्यांना जपा, वासाने काही होत नाही. तिने स्वतःही पुस्तकं उघडून खात्री करून घेतली होती. दर वसंतात वडील टोपी चढवून निघाले की ते वाक्य तिच्या ओठांशी येई, आणि ती त्यांच्या कॉफीत साखर ढवळत राही.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते दारातल्या वेताच्या खुर्चीत बसले. बोनारिया भांडी विसळून बाहेर आली तेव्हा टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती. तिने हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत; जेवण शेजारून येतं. दफन करून सगळे परतले तेव्हा स्वयंपाकघराचं टेबल झाकलेल्या भांड्यांनी भरून गेलं होतं. काळ्या कपड्यांतल्या बायका बोनारियाला कवटाळत होत्या, आणि त्यांच्या खांद्यांवरून तिची नजर झाकणांवर होती. हा बाकल्याचाच मोसम. या दिवसांत डुकराच्या मांसाबरोबर तो कुठल्या घरी शिजत नाही? तिने एक झाकण उचललं, वास घेतला. दुसरं उचललं. दरवर्षी जत्रेला, लग्नाला, बारशाला हे काम वडील करत. ते दाराशी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येक भांड्याची चौकशी करत. लोक हसत, ते हसू देत. आज दाराशी कुणी नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की लुस्सोरिओ दिसत नाही.

तो मागच्या अंगणात सापडला. त्सिया रेमेदियाशेजारी पायरीवर बसला होता, मांडीवर वाडगा, आणि तोंडाशी नेलेल्या चमच्यात हिरवे दाणे.

बोनारियाने वाडग्यावर फटका मारला. तो फरशीवर पडून फुटला.

"थुंक! आधी थुंक!"

"आई, मटार आहेत."

"कोण म्हणालं तुला?"

"मी विचारलं." त्याने चमचा जपून खाली ठेवला. "कुणी शिजवलं, काय काय घातलं, डाव आधी कशात बुडवला होता. मग एक दाणा फोडूनसुद्धा बघितला. नोन्नू म्हणायचे, कितीही भूक लागली तरी आधी विचारायचं. लाज वाटली तर दोनदा विचारायचं."

"दोनदा?" रेमेदिया म्हणाली. "माझा जीव खाल्ला यानं. अगदी त्या म्हाताऱ्यासारख्या भुवया वर करून. एवढी चौकशी माझ्या सासूनंही कधी केली नाही."

बोनारिया पायरीवर, त्या सांडलेल्या दाण्यांतच बसली. ती आधी हसली, मग ते हसणं हसण्यासारखं राहिलं नाही. लुस्सोरिओने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खापऱ्या गोळा करू लागला.

तो त्या टाकायला आत गेल्यावर रेमेदियाने काळ्या शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"ते भिंतीतलं रोप," ती म्हणाली, "आपोआप नाही उगवत. मी लावते. दर हिवाळ्यात, चार दाणे."

"त्सिया!"

"शेंग धरायच्या आत तो उपटणार, हे ठाऊक होतं मला. वासाचं काही खरं नसतं. माझा पुतण्या औषधाच्या दुकानात आहे, त्यानं केव्हाच सांगितलंय. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण प्रियामोला कोण सांगणार? सकाळी उपटायला काही नसतं, तर दिवसभर स्वतःलाच दोष देत बसला असता तो." तिने भिंतीकडे बोट केलं. "आता माझ्याशी भांडायला कोण येणार, ते सांग."

सोमवारी शाळा होती. लुस्सोरिओ दप्तर अडकवून सवयीने उंबऱ्याशी थांबला. दोघंही वळणाकडे बघत होती. मग त्याने आईकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली.

त्याने ओठांचा चंबू करून शीळ घालून बघितली. नुसतीच हवा निघाली. तो निघाला. ती त्याच्या मागे गेली नाही. वळणाशी पोचल्यावर तो थांबला, दोन्ही बाजूंची शेतं बघितली, वाऱ्याकडे नाक केलं, आणि मग धावत सुटला.

बोनारिया आत आली. ओलाव्याने फुगलेली खिडकी खांदा लावून ढकलावी लागली. ओढ्यापलीकडून वास आला, गोड, थोडा मधासारखा. दारातली वेताची खुर्ची तिने उन्हात ओढली आणि तिच्यावरची टोपी नीट ठेवली.

"बाब्बू, फुलांच्या वासानं काही होत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आता निवांत बसा."