ट्वायलाने घरी नेलेला हात

मी एक हात बोलतोय. नुसता हात, खांद्याच्या अलीकडेच संपतो, पुढे माणूस नाही. अंगाने रबरी, आत नळ्या, नळ्यांत लाल पाणी. अमेरिकेत, अर्कान्सा राज्यातल्या एका लहान गावाच्या कॉलेजात, रक्त काढायला शिकवतात त्या वर्गात माझी नेमणूक आहे. बढती नाही, निवृत्तीही नाही.

खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा पिकार्डबाईंनी मला कुरवाळलं होतं. "काय सुंदर शिरा आहेत गं बाई!" म्हणाल्या. त्यानंतर माझ्याजवळ जो आला तो टोचायलाच आला. नव्या मुली टोचण्याआधी मला 'सॉरी हं' म्हणतात. खऱ्या माणसांना टोचायला लागल्या की ही सवय सुटते, असं बाई सांगतात.

ट्वायला आली ती कोंबड्यांच्या कारखान्यातून. दिवसभर पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या कोंबड्यांचे पंख कापायचे, हे तिचं काम. वय चौतीस, बोटं मात्र साठीची. सकाळी उठलं की मूठ उघडायची नाही. काम सोडलं नाहीस तर हात कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा कोर्स.

कोर्स इतका छोटा की त्याला सरकारी कर्ज मिळत नाही. बँकेचं कार्ड मात्र आनंदाने पैसे देतं, आणि व्याज त्याहून आनंदाने घेतं. हप्ता भागवायला ट्वायला आठवड्यातून दोनदा हायवेजवळच्या केंद्रात जाऊन स्वतःचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, विकायची. रक्त काढायला शिकण्याची फी अशी रक्तातूनच निघत होती. मला हसू येणार होतं, पण तिच्या कोपराच्या खोबणीत सुईने पडलेला वण दिसला आणि मी ते गिळलं.

परीक्षा जवळ आली, तरी तिच्या बधिर बोटांना शीर सापडेना. बाईंनी मला शनिवार-रविवारसाठी तिच्या घरी पाठवलं. तिने मला गाडीत शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला. असा मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

"हे काय जेवायच्या टेबलावर?" बीन्सचं पातेलं ठेवत तिची आई वांडा ओरडली.

"अभ्यास आहे, आई."

"अभ्यास! कारखान्यात तासाला अठरा डॉलर मिळतात. हे शिकून मिळणार सतरा. एक डॉलर कमी मिळवायला कर्ज काढणारी आपल्या घरात तू पहिलीच!"

"कॉलेजात गेलेली पण मीच पहिली की."

"जीभ बरी चालते. तुझ्या पोरीच्या दातांच्या इलाजाचे पैसे कुठून आणणार आहेस?"

ट्वायला माझ्यावर बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, शीर लागतच नाही गं. बोटाला काही कळत नाही."

वांडा टेबलाजवळ आली. खुर्ची ओढून बसली आणि तिने स्वतःची बाही वर सारली. "रबरात काय कळणार? माझ्यावर शोध. टोचू नकोस फक्त."

त्या माउलीच्या हाताचा मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

ट्वायला पास झाली. हॉस्पिटलांना वर्षभराचा अनुभव हवा होता, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी हायवेजवळच्या त्याच केंद्राने नोकरी दिली. घरी केक कापला म्हणे. मग नियम कळला: कामावर असलेल्यांना तिथे प्लाझ्मा विकता येत नाही. पगार डॉलरने घटला, वरकमाई बुडाली आणि हप्ता मात्र होता तसाच राहिला.

परवा पिकार्डबाईंनी नव्या मुलींना चार शब्द सांगायला तिलाच बोलावलं. पहिल्या रांगेत मार्वा बसली होती. कारखान्यात ही ट्वायलाच्या शेजारी उभी राहायची. तिच्या कोपराला हिरवी पट्टी होती.

"अगं, ही तर मीच बांधली सकाळी केंद्रात!" ट्वायला म्हणाली. "गाडीला टायर घ्यायचेत म्हणालीस ना?"

"फीसाठी म्हणाले असते तर टोचलं असतंस?"

बाई घाईने मध्ये पडल्या. "ट्वायला, सांग बरं यांना. फायदा झाला ना?"

ट्वायलाने बाईंकडे पाहिलं, मग मार्वाच्या सुजलेल्या बोटांकडे. "पैशाचं विचारशील, तर कारखान्यात बरी होते गं. कार्ड अजून फिटलं नाही. फिटेलसं दिसतही नाही."

बाईंचा चेहरा पडला.

"आणि हात?" मार्वाने विचारलं.

ट्वायलाने मूठ मिटली, उघडली. "सकाळी उघडतो."

"मग शिकव," मार्वा म्हणाली, आणि तिने मला स्वतःपुढे ओढलं.

ये बाई, ये. घाबरू नकोस. हवं तितक्यांदा चूक कर. माझ्यातलं लाल पाणी कॉलेज फुकट भरून देतं.